धूर नाही, म्हणून अग्नी नाही काय?

अलीकडे सप्ताहाच्या गावोगावी एक प्रश्न हटकून विचारला जातो. कीर्तन आटोपते, पंगती उठतात, आणि एखादा माळकरी हळूच जवळ येऊन म्हणतो, "महाराज, आमचे वडील आठ महिने पडून आहेत. डोळे उघडतात, मिटतात. पण ओळख नाही, हूं नाही की चूं नाही. आम्ही रोज उशाशी हरिपाठ म्हणतो. तो त्यांना पोचतो का?" पूर्वी असे प्रसंग थोडे असत. डोक्याला जबर मार बसला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला की माणूस बहुधा चार दिवसांत देवाघरी जाई. आता इस्पितळे श्वास टिकवून धरतात, अन्न नळीने पोटात जाते, आणि जीव शरीर सोडीत नाही. मात्र त्या शरीरात कोणी जागे आहे की नाही, हे घरच्यांना कळत नाही.

"नाम कधी वाया जात नाही," एवढे सांगून या प्रश्नातून सुटता येते. ते खरेही आहे. पण विचारणाऱ्याने नामाचे सामर्थ्य विचारलेले नसते. ऐकणारा आहे की नाही, हे विचारलेले असते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरीचा विचार प्रमाणानेच करावा लागतो. गेल्या वीस वर्षांत या बाबतीत काही नवे प्रमाण हाती आले आहे. ते ज्या यंत्रातून आले त्याला सगळे एमआरआय म्हणतात. त्याच्याविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे नीट लागणार नाही.

वाचकांपैकी पुष्कळांनी हे यंत्र पाहिले असेल. काहींनी त्याच्या पोटात पडून, ती ठकठक ऐकत, अर्धा तास काढलाही असेल. आत जाण्यापूर्वी जोडवी, मंगळसूत्र, पाटल्या, सगळे उतरवून ठेवायला लावतात. तुळशीची माळ काढायला सांगितली म्हणून काही मंडळी रुसतात. तुळशीच्या लाकडाला चुंबक ओढीत नाही हे खरे. पण माळ तारेत ओवलेली असली तर? तपासणाऱ्याने एकेक मणी पाहत बसावे काय? काढून द्यावी, बाहेर आल्यावर नमस्कार करून पुन्हा घालावी. त्या चुंबकाचा जोर थट्टेवारी नेण्याजोगा नाही. होकायंत्राची सुई ज्या पृथ्वीच्या चुंबकत्वाने फिरते, त्याच्या सुमारे ६० हजार पट जोर तीन टेस्लाच्या यंत्रात असतो. २०१८ साली मुंबईच्या एका इस्पितळात प्राणवायूचे सिलिंडर त्या खोलीत नेले गेले, यंत्राने ते ओढून घेतले, आणि त्यात एका तरुणाचा प्राण गेला.

आपल्या शरीरात पाणी पुष्कळ, आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचा गाभा एखाद्या इवल्याशा चुंबकासारखा वागतो. मोठ्या चुंबकात हे सगळे इवले चुंबक एका रीतीने कलतात. मग रेडिओच्या लहरींनी त्यांना धक्का दिला, की पूर्वस्थितीला येता येता तेही लहरी सोडतात. त्या टिपून आतले चित्र तयार करतात. क्ष-किरण लागत नाहीत, चिरफाड नाही. असे पहिले चित्र पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केले. त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

हा झाला तालुक्याच्या गावी निघतो तो एमआरआय. त्याने मेंदूची घडण दिसते. कुठे गाठ, कुठे मार, कुठे रक्त साकळले, ते कळते. मेंदू काम करताना पाहण्याची युक्ती त्यानंतरची. १९९० साली सेजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ती दाखवली. प्राणवायू घेतलेले रक्त आणि प्राणवायू देऊन रिते झालेले रक्त, ही दोन्ही चुंबकापाशी वेगवेगळी वागतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताज्या रक्ताचा लोंढा जातो, गरजेहूनही जास्त जातो. त्यामुळे त्या जागेची खूण यंत्रात किंचित बदलते. लोंढा पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. तेव्हा नीट ध्यानात ठेवा: यंत्राला विचार दिसत नाही. यंत्राला रक्ताची धाव दिसते. मोठ्या पंगतीत मांडवाबाहेर उभे राहून पाहावे, तर जेवणारे दिसत नाहीत. पण बुंदीची परात घेऊन वाढपी कोणत्या बाजूला धावताहेत ते दिसते, आणि त्यावरून त्या बाजूला पान मांडलेले असावे असे आपण समजतो. इतकाच हा प्रकार. वर्तमानपत्रात मेंदूचे तांबडे-पिवळे चित्र छापतात, ते रंगही मेंदूत नसतात. हिशेब करून गणकयंत्राने भरलेले असतात.

हिशेब चुकला तर काय होते, याची एक गंमत अमेरिकेतल्याच संशोधकांनी २००९ साली करून दाखवली. त्यांनी बाजारातून आणलेला एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची चित्रे दाखवली आणि विचारले, या माणसांच्या मनात कोणती भावना असेल? हिशेबातली आवश्यक दुरुस्ती गाळली, तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूतही ठिपके चमकले. दुरुस्ती केली, ठिपके गेले. थट्टा होती, पण सणसणीत होती. त्यामुळे "यंत्रात दिसले" एवढ्याने मान डोलवू नये.

आता मुख्य गोष्ट. इंग्लंडात केंब्रिज येथे एड्रियन ओवेन आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेवीस वर्षांची एक बाई. वाहनाच्या अपघातात मेंदूला मार बसलेला. पाच महिने झाले तरी डोळे उघडे, पण सांगितलेले काही करीत नाही, कोणाला ओळख देत नाही. नेहमीच्या सर्व कसोट्यांनी ती 'जाणीव नसलेली' ठरली होती. तिला यंत्रात ठेवून सांगितले, "तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर." पुन्हा सांगितले, "आपल्या घरात शिरून एकेका खोलीतून फिरते आहेस असे मनात आण." टेनिसच्या वेळी हालचाल योजणारा भाग जागा झाला. घराच्या वेळी जागा आणि वाटा ध्यानात ठेवणारे भाग जागे झाले. धडधाकट माणसांना तेच सांगितले असता जे दिसले, तेच तिच्यात दिसले. वेगळे ओळखू येईना.

टेनिस हा तिकडचा खेळ, तिच्या हाताखालचा. आपल्या एखाद्या वारकऱ्याला सांगायचे तर असे सांगावे लागेल, "बाबा, रिंगणात पावली खेळतो आहेस असे मनात आण." आणि दुसऱ्यासाठी, "नामदेव पायरीशी माथा टेकून सोळखांबीत ये, चौखांबीत ये, गाभाऱ्यापाशी ये." आपल्या संप्रदायाला हे नवे का आहे? मानसपूजा म्हणतात ती दुसरी काय? हात जोडलेले नाहीत, पाणी नाही, गंध नाही, आणि आत अभिषेकापासून नैवेद्यापर्यंत सगळे यथासांग चालू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, म्हातारा डुलक्या घेतो आहे. केंब्रिजच्या त्या मुलीच्या आत जे चालले होते ते या जातीचे होते.

यावर पूर्वपक्ष उठला, आणि तो उठायलाच हवा होता. कोणी म्हणाले, 'टेनिस' हा शब्द कानावर पडला की मेंदू आपोआप दचकेल. त्याला जाणीव कशाला? समाधान असे, की शब्दाने उठणारी लहर क्षणभराची असते. इथे तर सांगितल्यापासून थांबायला सांगेपर्यंत, अर्धा मिनिट, तो भाग कामात राही; "आता विसावा घे" म्हटले की निवे. आज्ञा ऐकायची, समजायची, धरून ठेवायची आणि सोडायची, हे नुसत्या दचकण्याचे काम नव्हे.

मग २०१० साली केंब्रिज आणि बेल्जममधील लीएज येथील मंडळींनी मिळून ५४ रुग्ण तपासले. त्यांतल्या पाच जणांना असे करता आले. पाचच; हा आकडा लपवू नये. त्यांतल्या एकाला सांगितले, 'हो' म्हणायचे असेल तर टेनिस आठव, 'नाही' म्हणायचे असेल तर घर आठव. आणि विचारले, तुझ्या वडिलांचे नाव अमुक का? अशा सहा प्रश्नांपैकी पाचांची उत्तरे त्याने बरोबर दिली. सहाव्याला काहीच उत्तर उमटले नाही. वर्षानुवर्षे ज्याच्या खाटेभोवती माणसे वावरली, तो वडिलांचे नाव सांगत होता!

न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठात पर्वत आणि धूर येतो. पर्वतावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान पक्के. पण ते उलटे चालत नाही. अग्नी असेल तिथे धूर असलाच पाहिजे, असे एखादा शिष्य म्हणाला की गुरुजी त्याच्यापुढे तापलेला लोखंडाचा गोळा ठेवतात. लालबुंद, हात लावशील तर भाजशील. अग्नी भरपूर, धूर नावालाही नाही. हात हलणे, नजर मिळणे, हुंकार देणे, हा सगळा जाणिवेचा धूर. धूर दिसला तर अग्नी आहेच. धूर दिसत नाही म्हणून अग्नी नाही, असे मात्र कोणत्याही शास्त्राने म्हणता येत नाही. ज्यांना रोग्याच्या खाटेशी उभे राहून "यात आता काही नाही" म्हणण्याची सवय आहे, त्यांच्यापुढे तो गोळा ठेवला पाहिजे.

वेदान्तात याहून बारीक विचार आहे. अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे आपल्याकडे सहावे प्रमाण मानले आहे. जमिनीवर घागर नाही हे कसे कळते? दिसत नाही म्हणून. पण शास्त्रकारांनी तिथे 'योग्य' हा एक शब्द घालून ठेवला आहे. असती तर दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसणे हे प्रमाण. अंधाऱ्या खोलीत दिवा न लावता "घागर नाही" म्हणणे हे ज्ञान नव्हे, तो नुसता उतावळेपणा. रोग्याला म्हणतात, "हात उचला." हात उचलला जात नाही. यावरून "ऐकणारा नाही" असे केव्हा ठरेल? ऐकणारा असता तर हात उचललाच असता, अशी खात्री असेल तेव्हा. ऐकण्याची वाट शाबूत आणि हातापर्यंत हुकूम नेणारी वाट तुटलेली, असे असू शकते. मग तो अंधाऱ्या खोलीतला शोध झाला.

आणि हा 'योग्य' शब्द यंत्रालाही सोडीत नाही. २०२४ साली सहा केंद्रांनी मिळून केलेले मोठे काम प्रसिद्ध झाले. त्यात हे चुंबकाचे यंत्र किंवा मेंदूतील विजेची लहर टिपण्याची तपासणी, किंवा दोन्ही वापरली होती. सांगितल्याला उघड काहीच प्रतिसाद न देणारे २४१ रुग्ण होते. त्यांतील ६० जणांच्या मेंदूत आज्ञेबरहुकूम काम चाललेले आढळले, म्हणजे चारांत एक. ही बातमी पुष्कळांनी ऐकली. पण त्याच कामातला दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. जे सांगितलेले ऐकून उघडपणे प्रतिसाद देत होते अशा ११२ जणांनाही त्यांनी तपासले. यंत्राला त्यांतले ४३ सापडले. उरलेल्या ६९ जणांच्या बाबतीत यंत्र गप्प! माणूस समोर खूण करून दाखवतो आहे, आणि यंत्र म्हणते, मला काही आढळले नाही. पेंग आली असेल, थकवा असेल, मन धरून ठेवता आले नसेल. तेव्हा यंत्राने "आहे" म्हटले तर मानावे. "आढळत नाही" म्हटले तर "नाही" असे मानू नये. सप्ताहात मध्यरात्री वीणेचा पहारा चालू असतो. दोन शेते ओलांडून उभा असलेला वाटसरू म्हणेल, मंडपात सामसूम आहे. विणेकरी मात्र उभाच असतो.

ही तपासणी जिथेतिथे होणारी नाही. जमीन गहाण टाकून तिच्यामागे धावा, असे मी कोणाला सांगणार नाही. यंत्रावाचूनही पुष्कळ कळते, पण त्याला धीर लागतो. बेल्जममध्येच २००९ साली, सर्वांच्या मते जाणीव नसलेले असे ४४ रुग्ण ठरलेल्या क्रमाने, बारकाईने पुन्हा तपासले. त्यांतल्या १८ जणांत जाणिवेच्या खुणा सापडल्या. आणि त्या तपासणीचे एक साधन काय, तर आरसा! बोट किंवा वस्तू डोळ्यांपुढून फिरवली तर नजर हलत नाही, पण स्वतःचा चेहरा आरशात फिरवला तर कधी कधी नजर त्याच्यामागे जाते. चार आण्याची वस्तू. आपल्या घरात आरसा आहे. बसून राहणारा माणूस हवा.

आता आपल्याच काही मंडळींशी दोन शब्द. या प्रयोगांची हकीकत हाती आली की एखादा कीर्तनकार उत्साहाने सांगू लागतो, "विज्ञानाने आत्मा सिद्ध केला हो!" असे सांगू नये. यंत्राने दाखवली रक्ताची धाव. तिच्यावरून कळले मनाचे काम. आणि मन तर आपल्या सिद्धान्तात दृश्याच्याच बाजूला आहे, जडच आहे. जो पाहणारा, तो पाहिलेल्यात सापडायचा नाही. चुंबक तीनचा असो की तीनशेचा. दुसऱ्या बाजूची मंडळी म्हणतात, भक्तीच्या वेळी मेंदूचा अमुक भाग जागा होतो, म्हणून देव म्हणजे तेवढा भाग. तेही तितकेच पोकळ. आंबा खाताना जिभेला पाणी सुटते, म्हणून आंबा जिभेत पिकतो काय? कॅनडात मॉन्ट्रिअल येथे २००६ साली पंधरा ख्रिस्ती जोगिणींना यंत्रात ठेवून हे पाहिले. त्यांनी आधीच बजावले, की देव हुकमाने बोलावता येत नाही. म्हणून त्यांना पूर्वीचा परमोच्च प्रसंग आठवायला सांगितले. मेंदूत एक जागा जागी झाली नाही, बऱ्याच झाल्या. त्या बायांचे ते वाक्य मला फार आवडले. आपल्या फडावरची एखादी म्हातारी असेच बोलली असती.

प्रश्न आत्म्याचा नाही. खाटेवरच्या माणसाशी कसे वागावे, हा आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली अमानुष हल्ला झाला. २०१५ साली त्या वारल्या. मधली ४२ वर्षे त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर पुढच्या पिढीच्या परिचारिकांनी, त्यांना न्हाऊमाखू घातले, भरवले, कूस बदलली. २०११ साली त्यांचे जीवन थांबवू द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या, आणि न्यायालयाने त्यांचे ऐकले. हल्ला झाला त्याच वर्षी लॉटरबर यांचे ते पहिले चित्र छापले होते. मेंदू काम करताना दाखवणारे यंत्र यायला अजून सतरा वर्षे होती. त्या बायांनी कोणत्याही चित्राची वाट पाहिली नाही. रोज जवळ वावरताना चेहऱ्यावरचा आनंद आणि त्रास आपल्याला ओळखू येतो, एवढेच त्या सांगत. आमच्या निरूपणांत सेवा हा शब्द फार येतो. तो उच्चारताना मला ते रुग्णालय आठवते.

पण याचा अर्थ, उपचार कधीच थांबवू नयेत, असा मी काढीत नाही. आत जागा असलेला माणूस सुखातच असेल असे थोडेच आहे? कॅनडात २०१२ साली बारा वर्षांहून अधिक काळ असा पडून असलेल्या एका रुग्णाला याच रीतीने विचारले, "तुला दुखते आहे का?" तो "नाही" म्हणाला. दुसरा "हो" म्हणाला असता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, माणसाने शुद्धीत असताना आपली इच्छा लिहून ठेवली तर तिला मान दिला, आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. ज्याने असे लिहून ठेवले, त्याच्या इच्छेप्रमाणे निरर्थक उपचार थांबले तर त्यात मला अधर्म दिसत नाही. अधर्म दिसतो तो "आत कोणी नाही" असे स्वतःच्या सोयीसाठी ठरवण्यात. खर्च झेपत नसेल तर झेपत नाही म्हणावे. गरिबीचे पाप लागत नाही.

आणखी एक भेद न सांगितल्यास माझ्या लिहिण्याने अपाय होईल. मेंदूमृत्यू म्हणतात ती अवस्था वेगळी. तिथे मेंदूचे मूळच गेलेले असते, स्वतःचा श्वास नसतो, यंत्राने छाती हलत असते. १९९४ च्या कायद्याप्रमाणे डॉक्टरांचे मंडळ काही तासांच्या अंतराने दोनदा तपासून तो मृत्यू ठरवते. तो मृत्यूच आहे. तिथे लोखंडाचा गोळाही थंड झालेला असतो. "महाराजांनी लिहिले आहे, आत कोणी असेल," असे म्हणून कोणी अवयवदानाला आडवे येऊ नये. मी लिहितो आहे ते स्वतःच्या श्वासाने श्वास घेणाऱ्या, डोळे उघडणाऱ्या, आणि तरी गप्प असलेल्या माणसांविषयी.

त्यांच्या उशाशी हरिपाठ म्हणणाऱ्यांनी काही साध्या गोष्टी पाळाव्यात. आधी नावाने हाक मारावी, आपण कोण ते सांगावे; आज वार कोणता, एकादशी आली का, पाऊस पडला का, तेही सांगावे. वाटणीच्या गोष्टी, सुनेच्या तक्रारी, "आता यांचे किती दिवस" हे बोलणे त्या खोलीत करू नये, ओसरीवर करावे. एकाच वेळी नव्हे, वेगवेगळ्या प्रहरी जाऊन बसावे. जागेपण दिवसभर सारखे नसते. खाट भिंतीकडे तोंड करून लावली असेल तर ती फिरवून घ्यावी. टाळ हळू वाजवावेत, आणि हरिपाठ संपताच उठून जाऊ नये. दोन-चार मिनिटे त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसावे. ज्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, त्याच्यासाठी तेवढा अवकाश ठेवलेला बरा.